अर्जदार हा निर्दोष असून

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'जामीन' नावाचं एक फोल्डर आहे. झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्पपेपरवरची प्रिंट असला माझा धंदा. कोल्हापूरचं कोर्ट जवळ, त्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे वकील, त्यांचे कारकून आणि तोंड उतरलेले पक्षकार. वकीलसाहेब येतात, स्टुलावर बसतात, आरोपीचं नाव, वय, धंदा, गुन्हा नंबर, कलमं सांगतात. मी जुन्या अर्जातली नावं खोडून नवी घालतो. बाकी मजकूर वर्षानुवर्षं तोच: 'अर्जदार हा निर्दोष असून त्यास सदर गुन्ह्यात खोटेपणाने गुंतविण्यात आले आहे. अर्जदार हा वर नमूद पत्त्यावरील कायमचा रहिवासी असून तो फरारी होण्याची शक्यता नाही. अर्जदार साक्षीदारांवर दबाव आणणार नाही. मे. कोर्ट घालील त्या अटी व शर्ती पाळण्यास अर्जदार तयार आहे.' बांधावरून डोकं फुटलेलं असो की पतसंस्थेतला घोळ असो, अर्ज हाच.

मागं एकदा एक तरुण वकील बाहेरगावच्या केसचे कागद घेऊन आले. कलमं यूएपीएची, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची, दहशतवादाच्या गुन्ह्यांना लावतात ती. सवयीनं मी हीच वाक्यं टाकली. ते म्हणाले, "काका, ही काढा. इथं त्यांचा उपयोग नाही." मी विचारलं, "मग लिहायचं काय?" ते हसले. "तेच तर अवघड आहे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की हा कायदा वेगळा म्हणजे नेमका कशात वेगळा. साध्या गुन्ह्यात जामिनाच्या वेळी न्यायाधीश बघतात, माणूस पळून जाईल का, पुरावा बिघडवेल का, पुन्हा तसंच करेल का. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ४३ ड कलमात एक पोटकलम आहे, पाचवं. ते म्हणतं, पोलिसांची डायरी आणि दोषारोपपत्र वाचून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचा नाही. २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या टप्प्यावर पुराव्याची खोलात जाऊन चिकित्सा करायची नाही. म्हणजे पोलिसांच्या कागदावरून पोलिसांचीच गोष्ट खोटी पाडायची, आणि तीही उलटतपासणी न घेता. साध्या गुन्ह्यात साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. इथं ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. आणि दोषारोपपत्र आलं म्हणजे खटला सुरू झाला असं नव्हे. कोर्टाच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा, 'पुढची तारीख' हे दोन शब्द किती वर्षं खातात.

हे लिहायला बसलो त्याचं कारण असं, की कुठंही स्फोट झाला, गोळीबार झाला, की आठवडाभर टीव्हीवर 'स्वातंत्र्य की सुरक्षा' असा तराजू निघतो. समतोल साधला पाहिजे, असं सगळेच म्हणतात. मला हा तराजूच खोटा वाटतो. एका पारड्यात माझी सुरक्षितता असते, पण दुसऱ्या पारड्यात माझं स्वातंत्र्य नसतंच. तिथं कुठल्यातरी तिऱ्हाईताची वर्षं असतात. 'देशासाठी थोडं स्वातंत्र्य सोडावं लागतं' असं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं काय सोडलं, हे मी बरेच वेळा विचारून बघितलंय. विमानतळावर बूट काढले, अंबाबाईच्या दर्शनाला जाताना बॅग तपासू दिली, यापलीकडं यादी जात नाही. तिऱ्हाईताचं स्वातंत्र्य उधळून आपली सुरक्षा वाढते का, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं, वाढत नाही. उलट घटते.

पण आधी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण मीही एकदा त्याच बाजूला उभा होतो.

१६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत होते. सागरमाळ परिसरात, घराजवळच, मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीला पानसरे मुंबईत वारले. त्या आठवड्यात निषेधाची पत्रकं मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छापली आणि पैसे घेतले नाहीत. सप्टेंबरमध्ये पहिली अटक झाली तेव्हा इथल्या वकिलांनी ठरवलं की आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. मला ते एकदम बरोबर वाटलं. अभिमान वाटला, खरं सांगायचं तर. आरोपीसाठी बाहेरगावाहून वकील आले, तेव्हा त्यांच्याकडं आम्ही कसं बघितलं ते आठवून आज जरा ओशाळायला होतं.

त्या दिवसांत एक ज्येष्ठ वकील दुकानात बसले होते. पानसरेंना मानणारे. मी त्यांना म्हटलं, बरं केलंत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आरोपीला वकीलच नसला तर शिक्षा टिकत नाही बाबा. वरच्या कोर्टात पहिला मुद्दा तोच निघतो." पानसरे स्वतः वकील होते, कामगारांच्या, मोलकरणींच्या बाजूनं उभे राहायचे, ज्यांच्याकडं फी द्यायला काही नसायचं. हे त्या वकिलांनी मला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

पुढं काय झालं ते सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. तपास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चालला, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथकाकडून २०२२ मध्ये एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडं गेला. आरोपी पकडले गेले, काही फरारीच राहिले. आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सहा आरोपींना जामीन दिला. कारण एकच, ते २०१८-१९ पासून आत होते आणि खटला संपायची चिन्हं नव्हती. बातमी वाचून पोटात गोळा आला. दिवसभर कुणाशी बोललो नाही. पण संध्याकाळी शटर ओढताना मनाशी कबूल करावं लागलं की न्यायालयानं चूक केलेली नाही. ज्यांच्याबद्दल आपल्याला खात्री वाटते त्यांना निकालाशिवाय सहा वर्षं आत ठेवायचं, हे मला चालत असेल, तर उद्या दुसऱ्या कुणाला माझ्याबद्दल तशीच खात्री वाटली तर मी काय म्हणणार? आणि माझा राग न्यायालयावर निघत होता, पण निघायला हवा होता तो सहा वर्षांत साक्षीपुरावे संपवू न शकलेल्या यंत्रणेवर.

इथंच माझा मुद्दा आहे. लांबलचक कोठडी ही शिक्षा नव्हे, आणि तपासही नव्हे. पण ती दोन्हींसारखी दिसते. माणूस आत गेला, की वर्तमानपत्रात 'छडा लागला' असं छापून येतं, लोक शांत होतात, आणि तपास अधिकाऱ्यावरचा दबाव निघून जातो. जामीन मिळणारच नाही अशी सोय असली, की खटला उभा करायची घाई कुणाला?

७/११ चं बघा. ११ जुलै २००६, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, सुमारे १९० माणसं गेली. खटला मोक्काखाली. हा कायदा महाराष्ट्रानं १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीसाठी केला. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो साध्या कायद्यात चालत नाही. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले आहेत, ते विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालय म्हणालं. तोवर बारापैकी एक जण तुरुंगातच वारला होता, बाकीच्यांची जवळजवळ एकोणीस वर्षं आत गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये अशी स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. अपिलाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण उच्च न्यायालयाचं बरोबर असेल, तर याचा दुसरा अर्थ काय होतो? त्या संध्याकाळी बॉम्ब ठेवलेले ते खरे कोण, हे आपल्याला माहीत नाही. एकोणीस वर्षं ते मोकळे आहेत. ज्यांची माणसं गेली त्यांना एकोणीस वर्षांनी कळतं की आपण इतके दिवस भलत्यालाच शिव्या घालत होतो. ह्याला सुरक्षा म्हणायचं?

आणि ह्यात धर्म बघू नका. मालेगावात २००६ च्या स्फोटांसाठी आधी नऊ मुसलमान तरुण पकडले. २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले, तोवर त्यांची पाच वर्षं तुरुंगात गेली होती. त्याच मालेगावात २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली. त्यात पकडलेले हिंदू होते, आणि ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयानं सातही आरोपी निर्दोष सोडले. ७/११ चा आणि हा, दोन्ही निकाल दहा दिवसांच्या अंतरानं आले. आमच्या कट्ट्यावर पहिल्या निकालाला जे चिडले ते दुसऱ्याला पेढे वाटत होते, आणि पहिल्याला जे गप्प होते ते दुसऱ्याला चिडले. दोन्ही वेळा मेलेल्यांच्या नावानं कुणी काही बोललं नाही. सहा मेले ना मालेगावात? मग त्यांना कुणी मारलं?

आकडे द्यायचे तर सरकारनंच २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेले आहेत. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली, आणि त्याच काळात दोषी ठरले १३२. हे दोन आकडे एकमेकांना सरळ भागायचे नाहीत, एवढं मलाही कळतं; अटक आज होते आणि निकाल दहा वर्षांनी लागतो, तेव्हा ती माणसं एकच नव्हेत. पण हाच तर मुद्दा आहे, की अटक आज आणि निकाल दहा वर्षांनी.

आता विरुद्ध बाजू, कारण ती पोकळ नाही. माझ्याकडं दर नोव्हेंबरला एक निवृत्त सुभेदार हयातीच्या दाखल्याचे कागद घेऊन येतात. गाव सैनिक टाकळी, शिरोळ तालुक्यातलं. त्या गावात घराघरांत फौजी. एकदा माझ्या स्क्रीनवरचा अर्ज त्यांनी वाचला आणि उसळले. "आमची पोरं तिकडं बर्फात उभी, आणि तुम्ही इथं त्यांना मारणाऱ्यांचे जामीन टाईप करताय?" मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, मारणारा हाच आहे का ते ठरायचंय अजून." ते म्हणाले, "ठरवणार कोण? साक्षीला कोण उभं राहणार? तुम्ही राहणार? गोळी खायला?"

ह्याला माझ्याकडं झटपट उत्तर नव्हतं. दहशतवादी खटल्यात साक्षीदार घाबरतात, फितूर होतात, पुरावा परदेशात असतो, कट करणारे एकमेकांना ओळखतही नाहीत, हे सगळं खरं आहे. साध्या चोरीसारखा हा तपास होत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं गेल्यावर नवा कायदा करा, राष्ट्रीय तपास यंत्रणा उभारा, असं देशानं म्हटलं ते काही वेडेपणानं म्हटलं नाही.

पण त्याच २६/११ चा खटला आठवा. कसाब जिवंत पकडला तुकाराम ओंबळ्यांनी, स्वतःच्या अंगावर गोळ्या झेलून. कॅमेऱ्यात तो सगळ्या जगाला दिसला होता. तरी त्याला सरकारी खर्चानं वकील दिला. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसवलं, न्यायाधीश ताहिलियानी. २००९ मध्ये खटला सुरू झाला आणि मे २०१० मध्ये निकाल लागला. कसाबला फाशी, आणि त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष. ही सुटका वरच्या दोन्ही न्यायालयांत टिकली, तशी फाशीही टिकली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली. चार वर्षांत सगळं संपलं, आणि कुणी म्हणू शकलं नाही की ह्याला बोलू दिलं नाही. आरोपीचे हक्क पाळले म्हणून हा खटला लांबला नाही. ज्यांचे हक्क पाळले नाहीत तेच खटले एकोणीस वर्षं चालले.

हे सुभेदारसाहेबांना मी पुढच्या नोव्हेंबरला सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोर्टमार्शललासुद्धा आरोपीला बाजू मांडायला अधिकारी देतात. तेवढं फौजेत पण आहे." आणि लगेच, "पण म्हणून तुमचं सगळं पटलं असं समजू नका." दाखल्याचे दहा रुपये ठेवून गेले.

साक्षीदाराला संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य करून देशभर लागू केली. तिच्यावर पैसा आणि माणसं घाला, असं म्हणणारा मोर्चा मी अजून बघितलेला नाही. 'फाशी द्या' असं म्हणणारे मात्र डझनानं पाहिलेत. काहींची पत्रकं मीच छापलीत.

दुसरी गोष्ट म्हणजे असले कायदे ज्यांच्यासाठी करतात त्यांच्यापाशी थांबत नाहीत. उतारावरच्या पाण्यासारखे खाली येतात. टाडा १९८५ मध्ये पंजाबसाठी आला, १९९५ मध्ये मुदत संपून गेला. पोटा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये रद्द झाला. दोन्हींबद्दल काहीही म्हणा, पण त्यांना मुदत होती. ठराविक वर्षांनी संसदेला पुन्हा विचार करावा लागायचा. यूएपीएला ती भानगडच नाही. १९६७ चा जुना कायदा, त्यात २००४ आणि २००८ मध्ये पोटा कायद्यातली बरीच कलमं येऊन बसली, आणि २०१९ मध्ये तर संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी म्हणून यादीत टाकता येऊ लागलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब त्यात चालत नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. पण हा कायदा संपत नाही. आणीबाणी कायमची झाली की तिला आणीबाणी म्हणायचं बंद होतं, एवढंच. पार्किन्सननं हात थरथरत होते म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ मिळावी, असा अर्ज यूएपीएखाली तुरुंगात असलेल्या फादर स्टॅन स्वामींना न्यायालयात करावा लागला. आयुष्यात हजारो अर्ज टाईप केले, पण स्ट्रॉसाठीचा कधी केला नाही. ८४ वर्षांचे होते, जामिनाची सुनावणी चालू असतानाच ५ जुलै २०२१ ला गेले.

आपल्या गावाचंही बघू. ७ जून २०२३. मोबाईलच्या स्टेटसवरून शहर पेटलं, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, आणि दुपारनंतर इंटरनेट बंद. अफवा थांबवायला ते करावं लागलं, असं प्रशासन म्हणालं, आणि त्या दिवशी अफवा खरंच वाऱ्यावर होत्या. माझ्या पुतण्याच्या फोनवर सकाळी आलेले दोन व्हिडिओ तर आपल्या गावचेही नव्हते. पण दुसरा दिवसही तसाच गेला. गूगल पे बंद, अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म अडकले, कोर्टाचं ई-फायलिंग अडकलं. जून महिना म्हणजे माझा हंगाम. दोन दिवस मी मोकळ्या दुकानात पंखा लावून बसलो. आणि अफवा? त्या तोंडी फिरत राहिल्या. खरं काय ते बघायला कुणाकडं काही नसल्यामुळं जास्तच फिरल्या. २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की इंटरनेट बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. माझ्याकडं आलेल्या एकाही माणसानं तो आदेश वाचलेला नव्हता. मीही नाही. बंदी योग्य होती की नाही हे नंतरचं. ती कुणी, कशासाठी आणि किती वाजेपर्यंत घातली हे एका कागदावर लावायला काय हरकत असते? झेरॉक्स मी फुकट काढून दिल्या असत्या.

जाता जाता, सुरक्षेच्या नावाखाली गोळा होणाऱ्या कागदांबद्दल. भाडेकरू ठेवा, आधारची झेरॉक्स. लॉजवर उतरा, आधारची झेरॉक्स. सिमकार्ड, आधारची झेरॉक्स. माझं पोट त्यावर चालतं, तेव्हा तक्रार करायचा मला हक्क नाही. पण एकदा भडंग घेतलं आणि पुडी उलगडली तर आत कुणाचं तरी आधारकार्ड, फोटो, पत्ता, सगळं. खाल्लं, आणि कागद बारीक फाडून टाकला. त्या बाईची सुरक्षा कुणाच्या पारड्यात धरायची?

आता जनसुरक्षा कायदा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. मसुद्यावर संयुक्त समिती बसली, तिच्याकडं बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या, आणि 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना' असा शब्दप्रयोग घालून तो आवळला. सरकारचं म्हणणं, नक्षलवाद जंगलातून शहरात आलाय, शेजारच्या राज्यांत असे कायदे आहेत. गडचिरोलीत पोलिसांची पोरं सुरुंगात उडालेली आहेत, त्यांच्या आईबापांना मी काही शिकवायला जाणार नाही. पण कायद्यात बेकायदा कृत्याची जी व्याख्या आहे, तिच्यात कायदा न पाळायला उत्तेजन देणं, प्रशासनाच्या कामात अडथळा आणणं असलं बरंच येतं. ती वाचताना मला टोलचं आंदोलन आठवलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे, दोघंही डावे, दोघंही म्हातारे, उन्हात रस्त्यावर बसून सांगत होते, टोल देऊ नका. अख्ख्या कोल्हापूरनं दिला नाही. नाके फुटले, जळाले. ते मला पटलं नव्हतं. शेवटी टोल गेला, आणि सगळ्या पक्षांनी गुलाल उधळला. त्या टोलविरोधी कृती समितीला ह्या व्याख्येत बसवायला हुशार अधिकाऱ्याला किती वेळ लागला असता? आज शक्तिपीठ महामार्गाला जमीन देणार नाही म्हणणारे शेतकरी आहेत. उसाच्या दरासाठी ट्रॅक्टरच्या चाकातली हवा सोडणारे तर दर हंगामात आहेत. 'कडवं' म्हणजे किती कडू, हे कोण ठरवणार? सल्लागार मंडळ आहे, मान्य. पण ते संघटनेवरच्या बंदीचा विचार करणार. तोवर आत गेलेल्याचं काय?

कोल्हापूरला हे नवीनही नाही. १९०८ च्या सुमाराला इथून निघणाऱ्या 'विश्ववृत्त' मासिकात वेदांतल्या प्रार्थनांवर एक लेख आला. लेख सातवळेकरांचा. सत्तेला त्यात राजद्रोह दिसला. प्राध्यापक विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी तुरुंगात गेले. वैदिक प्रार्थनांबद्दल! त्या वेळी बॉम्बची भीती खोटी नव्हती. बंगालात, महाराष्ट्रात गुप्त मंडळ्या होत्याच. पण भीती खरी असली म्हणजे पकडलेला माणूसही खराच असतो असं नाही.

मे २०२५ मध्ये, पहलगाम होऊन महिना व्हायच्या आत, पुण्यात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या काश्मिरी मुलीला दुसऱ्याची पोस्ट पुढं पाठवली म्हणून अटक झाली. तिनं ती काढून टाकली होती, माफी मागितली होती, तरी येरवड्यात. उच्च न्यायालयानं सरकारला झापून तिला सोडवलं, परीक्षेला बसता यावं म्हणून. पहलगामला सव्वीस जणांना मारणारे त्या वेळी मोकळे होते. पोलिसांच्या हाताला जे सोपं लागतं ते पकडलं जातं, हा माझा कोर्टाच्या दारातला अनुभव. अवघड ते पकडायला भाग पाडायचं असेल, तर सोपं पकडणं महाग केलं पाहिजे.

कसं, तर माझ्या अडाणी बुद्धीला दोन-तीन गोष्टी सुचतात. यूएपीएला टाडासारखी मुदत घाला. दर तीन वर्षांनी संसदेत हिशेब द्या, किती पकडले, किती सुटले, सुटलेले किती वर्षं आत होते. ठराविक काळात खटला संपला नाही तर जामीन हा हक्क करा. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात, केरळात प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या खटल्यातल्या आरोपीबाबत, सर्वोच्च न्यायालय तेच म्हणालं होतं, की खटला वेळेत होणार नसेल तर ४३ ड पुढं करून माणसाला अडकवून ठेवता येत नाही. पण तो अजून न्यायाधीशागणिक बदलणारा दिलासा आहे. एका खंडपीठात मिळतो, दुसऱ्यात नाही. तो कायद्यात लिहा. आणि चुकीच्या माणसाला आत ठेवल्याची भरपाई. विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता. अहवाल कपाटात आहे. सरकारला एकेका वर्षाचे पैसे मोजायला लागले की तपास आपोआप नीट होईल असं मला वाटतं. माणूस दुसऱ्याच्या वर्षांची किंमत करत नाही, स्वतःच्या पैशाची करतो.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. चाळीस वर्षांहून जास्त लढून मिळवलेलं. आधी जामिनासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, तारीख पडली की परत. आरोपीच्या बायका डबा बांधून जायच्या. आता निदान ते वाचलं.

बेंच सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एक जण दुकानात आला. पस्तिशीचा असेल. मोक्काखाली टोळीत नाव घातलं होतं, खटला चालून सुटला; मधे साडेपाच वर्षं कच्चा कैदी म्हणून कळंबा तुरुंगात. त्याला बायोडाटा टाईप करून हवा होता, एमआयडीसीत एका फाउंड्रीत द्यायला. नाव, शिक्षण, आयटीआय, पहिली नोकरी, सगळं झालं. मग मी विचारलं, "नंतरचा अनुभव काय लिहू?"

तो म्हणाला, "तिथं पक्क्या कैद्यांना काम असतं काका, सुतारकाम, शिलाई. कच्च्याला काही नसतं. शिक्षा झाली असती तर निदान रंधा मारायला शिकलो असतो."